नर्सिंगला विषय राहिला: पुढे शिकायचं की सोडायचं, हे कसं ठरवाल?

नर्सिंगला पहिल्यांदा विषय राहिला की मुली दोन प्रश्न एका दमात विचारतात. "मॅडम, आता काय करू?" आणि "मॅडम, मला हे जमणारच नाही का?" पहिल्याचं उत्तर परीक्षा विभागात मिळतं, दुसऱ्याचं वॉर्डात. निकालाच्या दिवशी दोन्ही प्रश्नांची गुंतवळ होते आणि त्या गुंत्यातच घरी फोन जातो, "मी सोडतेय."

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि असे निर्णय दर निकालानंतर बघते. काही मुली एका पेपरसाठी चांगलं चाललेलं शिक्षण सोडून जातात. काही जणी मनातून कधीच नको असलेलं शिक्षण केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून ओढत नेतात. दोन्ही बघवत नाही. म्हणून हा लेख. यातली उदाहरणं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे नाशिकच्या एमयूएचएसच्या, बीएस्सी नर्सिंगची आहेत, कारण सर्वाधिक विचारणा तिथूनच येते. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, मुलामुलींनाही बहुतेक पायऱ्या लागू पडतील. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय. आणि मी "मुली" लिहीत असले तरी वर्गातल्या मुलांसाठीही हे तितकंच आहे.

पहिले चार दिवस

या चार दिवसांत सोडायचं की नाही हे ठरवायचं नाही. कुठल्याही अर्जावर सही करायची नाही, सामान बांधायचं नाही. दोनच कामं करायची.

एक, तारखा बघायच्या. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायला आणि गुणांची फेरमोजणी करून घ्यायला विद्यापीठ मोजके दिवस देतं. रडण्यात ते दिवस निघून जातात आणि मग उपाय राहत नाही. फेरमोजणी म्हणजे बेरीज पुन्हा तपासणं आणि एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का ते बघणं. तीन-चार गुणांनी विषय राहिला असेल तर ती करून घ्यावीच. पंधरा गुणांनी राहिला असेल तर त्यावर आशा ठेवू नका, पण छायांकित प्रत मात्र मागवा. आपण लिहिलेलं उत्तर दोन महिन्यांनी थंड डोक्याने वाचण्यासारखा दुसरा शिक्षक नाही.

दोन, घरी स्वतः सांगायचं. आतेबहिणीकडून किंवा गावातल्या दुसऱ्या विद्यार्थिनीच्या आईकडून कळण्याआधी. "पप्पा, एक विषय राहिला, परत परीक्षा आहे, नियम विचारून दोन दिवसांत सगळं सांगते." एवढंच पुरे. पहिल्याच फोनवर भविष्याची चर्चा करू नका.

झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी एका माणसाला सांगा: रूममेट, वॉर्डन, वर्गशिक्षिका, कोणीही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

नियम नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती ऐकीव असते

"एक विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं" हे वाक्य हॉस्टेलमध्ये फार फिरतं. बीएस्सी नर्सिंगसाठी २०२१-२२ च्या बॅचपासून सेमिस्टर पद्धत आली. चार वर्षं, आठ सेमिस्टर. भारतीय परिचर्या परिषदेच्या या नियमांत विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरच्या वर्गांना बसता येतं. अडतं ते ठरावीक टप्प्यांवर. आधीचं सगळं सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसता येत नाही. तसंच सातव्याच्या आणि शेवटी आठव्याच्या परीक्षेआधी. संपूर्ण अभ्यासक्रम जास्तीत जास्त आठ वर्षांत पूर्ण व्हायला हवा.

याचा अर्थ असा. पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी (शरीररचना आणि शरीरक्रिया) राहिलं असेल, तर पाचव्याच्या परीक्षेपर्यंत ते सोडवायला तुम्हाला वेळ आहे. विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन सत्रांत होतात. वेळेत सोडवलंत तर तुमची बॅच सुटत नाही. पण चौथ्या सेमिस्टरला तीन विषय डोक्यावर घेऊन उभ्या असाल तर चित्र वेगळं आहे, आणि ते तसं आहे हे स्वतःशी मान्य करायला हवं. एक विषय सुटायचा राहिलेली मुलगी आणि तीन विषय साचलेली मुलगी यांनी एकच सल्ला घेऊ नये.

उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागतात. इंग्रजीला ४० चालतात. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे आजारपणात बुडालेल्या ड्युट्या कधी ना कधी भरून द्याव्याच लागतात. इतर सगळे विषय सुटून एकाच विषयाच्या लेखीत थोडे गुण कमी पडत असतील तर ५ पर्यंत ग्रेस गुणांची सोय आहे. निकालात ती धरलेली आहे ना, एवढं बघून घ्या.

जीएनएमचं वेगळं. ती परीक्षा विद्यापीठ घेत नाही, महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, आणि ती वर्षाच्या हिशोबाने चालते. त्यामुळे बीएस्सीच्या मैत्रिणीचा नियम स्वतःला लावून बसू नका.

आता परीक्षा विभागातल्या क्लार्ककडे जा. तोंडी विचारून परत येऊ नका, वही घेऊन जा आणि समोर उभं राहून लिहून घ्या. पुढची परीक्षा कुठल्या सत्रात, फॉर्म कधी भरायचा, फी किती? लेखीतच अडले असेन तर प्रात्यक्षिक पुन्हा द्यावं लागेल का? जुने अंतर्गत गुण तेच राहणार की सुधारता येतात? हा विषय कॉलेज स्तरावरचा आहे की विद्यापीठाचा? हा शेवटचा प्रश्न मुली विसरतात. कम्युनिकेटिव्ह इंग्लिश, नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स यांसारख्या विषयांची परीक्षा कॉलेजच घेतं, तिथे मार्ग जवळचा असतो.

गुणपत्रिका फोडून वाचा

"नापास" हा शब्द काहीच सांगत नाही. आकडे सांगतात. लेखी विषयाचे साधारण १०० पैकी २५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ७५ विद्यापीठाच्या पेपरचे. ५० गाठायचे आहेत. अंतर्गतला ११ असतील तर पेपरमध्ये ७५ पैकी ३९ लागतात. अंतर्गतला १९ असतील तर ३१ वर काम भागतं. पेपर तोच, पण एकीला निम्म्याहून जास्त मिळवायचेत आणि दुसरीला निम्म्याहून कमी. अंतर्गतचे गुण मुख्यतः कशात जातात? सेशनल, म्हणजे कॉलेजातली अंतर्गत, परीक्षा बुडवली, असाइनमेंट उशिरा दिली, सेमिनार टाळला. हे हुशारीचं अपयश नाही. ते शिस्तीचं आहे, आणि पुढच्या सेमिस्टरपासूनच दुरुस्त होण्यासारखं आहे.

अंतर्गत गुण बरे आणि लेखीतच गचकलात, तर एक साधी चाचणी करा. त्या विषयातला एक मोठा प्रश्न घ्या, समजा "हृदयातून रक्त कसं फिरतं". कोरा कागद घ्या आणि उत्तर मराठीत लिहा. अवयवांतलं अशुद्ध रक्त महाशिरांतून उजव्या कर्णिकेत, तिथून जवनिकेत, मग फुप्फुसांकडे, मग परत डावीकडे. झडपा कुठे, दाब कुठे जास्त, हे सगळं मराठीत नीट उतरलं, तर तुम्हाला विषय येतो. अडचण इंग्रजीची आहे. मराठीतही तिसऱ्या वाक्याला हात थांबला, तर अडचण विषयाची आहे.

हा फरक मी इतकं लावून का धरते? कारण आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, बारावीपर्यंत मराठीतच विचार केलेल्या मुली नर्सिंगला मोठ्या संख्येने येतात. पहिल्या सेमिस्टरला त्यांच्यासमोर एकदम हजार पानांचं इंग्रजी पुस्तक येतं. त्या पाठ करतात. पाठ केलेलं परीक्षेत एका शब्दावर अडलं की पुढचं सगळं जातं. आणि मग त्या समजतात, मी ढ आहे. मराठीत रक्ताभिसरण समजावून सांगणारी मुलगी ढ नसते. तिला शंभर-दीडशे इंग्रजी वाक्यांचा सराव लागतो: व्याख्या कशी सुरू करायची, कारणं कशी मांडायची, नर्सिंग मॅनेजमेंटचे मुद्दे कुठल्या क्रियापदांनी सुरू होतात. ते तीन-चार महिन्यांत येतं. केवळ इंग्रजीमुळे अडलेल्या मुलीने नर्सिंग सोडावं, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पेपरबद्दल एक गोष्ट जाता जाता. तो एक पेपर असला तरी दोन विभागांचा आहे, ३७ गुण अ‍ॅनाटॉमीचे आणि ३८ फिजिऑलॉजीचे. हाडांच्या आकृत्या काढण्यात रमून फिजिऑलॉजीची शेवटची युनिट्स वाचायचीच राहून गेली, हे मी पुष्कळ उत्तरपत्रिकांत बघते. तुमचं तसं झालं असेल तर कारण सापडलं.

दुसरी चाचणी हिशोबाची. डॉक्टरांनी लिहिलंय: ५०० मिली सलाईन ८ तासांत. सेट २० थेंबांना १ मिली देणारा. मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. आठ तासांची ४८० मिनिटं. भागाकार २०.८, म्हणजे साधारण २१ थेंब. आता बघा तुमचं काय येतं. सूत्र विसरलात तर हरकत नाही, ते शिकता येतं. तासांची मिनिटं करायची विसरून उत्तर १,२५० आलं, आणि ते तसंच लिहून पुढच्या प्रश्नाला गेलात, तर तिथे थांबा. मिनिटाला साडेबाराशे थेंब पडूच शकत नाहीत, हे पेन खाली ठेवण्याआधी खटकायला हवं होतं. ही खटकण्याची सवय लावून घ्यावीच लागते, कारण पुढे त्या आकड्याखाली पेशंट झोपलेला असतो. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, राहिलेल्या मुलीने पुन्हा परीक्षेआधी रोज असे पाच हिशोब करावेत, आणि प्रत्येक उत्तराला "हे शक्य आहे का?" असं विचारावं.

प्रात्यक्षिकात राहिलात? मग बहुतेकदा प्रोसिजर येत नसते असं नाही. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षक, समोर आल्या की तोंड मिटतं. हे सरावाने जातं: मैत्रिणीला बेडवर झोपवायचं, दुसरीला परीक्षक करायचं आणि करताना मोठ्याने बोलायचं. पण निर्जंतुकीकरणाचा नियम दर वेळी मोडतोय, औषध देण्याआधी पेशंटचं नाव विचारायचं राहतंय, अशी नोंद लॉगबुकात पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या शिक्षिकेशी बसून बोला. तिथे "परीक्षक कडक होत्या" असं म्हणून चालणार नाही.

कधी कारण पुस्तकात नसतंच. घरी आई आजारी, बाबांचा अपघात, स्वतःला टायफॉइड, हॉस्टेलवर जीव रमत नाही, फी थकल्यामुळे ऑफिसात जायची लाज. असं असेल तर ते कारण कागदावर लिहा आणि पुढे विचारा: हे येत्या सहा महिन्यांत बदलणार आहे का? बदलणार असेल तर परीक्षा पुन्हा द्या. बदलणार नसेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागेल, नाहीतर तोच निकाल पुन्हा लागेल.

आता दुसरा प्रश्न: वॉर्डात तुम्ही कशा असता?

नर्सिंग करावं की नाही, हे अ‍ॅनाटॉमीच्या पेपरला विचारू नका. वॉर्डाला विचारा. आणि आठवणीवर विसंबू नका, कारण निकालानंतरच्या आठवड्यात सगळं काळंच दिसतं. पुढच्या पोस्टिंगचे दोन आठवडे रोज ड्युटीवरून आल्यावर चार ओळी लिहा. आज कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही? कोणतं काम टाळलं? कोणत्या पेशंटचं नाव आत्ताही आठवतंय?

माझ्या वर्गात फार्माकॉलॉजीत अडकलेली एक मुलगी होती. मेडिसिन वॉर्डात एका आजींचं सलाईन चालू होतं. नातेवाईक म्हणत होते, "हात दुखतो म्हणतात, म्हातारपण आहे." हिने चादर बाजूला केली, दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले. सलाईनचा हात मनगटावर सुजलेला, गार आणि ताणलेला. सुई शिरेतून निसटली होती आणि पाणी मांसात उतरत होतं. तिने रोलर बंद केला आणि इनचार्ज सिस्टरांना बोलावलं. तिला त्या वेळी "इन्फिल्ट्रेशन" हा शब्दही पटकन आठवला नव्हता. शब्द शिकवता येतो. चादर बाजूला करून दोन्ही हात ताडून बघण्याची बुद्धी शिकवायला फार अवघड असते, आणि ती असलेल्या मुलीला मी जाऊ देत नाही.

याच्या उलटही असतं. सगळे विषय सुटलेली, वर्गात पहिल्या पाचात, आणि रोज सकाळी पोस्टिंगला निघताना पोटात गोळा येणारी मुलगी. पेशंटला हात लावायचा नको वाटतो, नातेवाइकांचे प्रश्न नको वाटतात, सुट्टीच्या दिवशीही उद्याच्या ड्युटीचा विचार छळतो. तिचा एखादा विषय राहिला तर ते निमित्त आहे. खरा प्रश्न आधीपासून होता.

मधली जागा मोठी आहे, म्हणून घाई नको. पहिल्या वर्षी बेडपॅनची किळस येणं, रक्त बघून डोळ्यांपुढे अंधारी येणं, पहिला मृत्यू बघून दोन रात्री न झोपणं, इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर ओरडल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडणं, यातलं काहीही नर्सिंग सोडण्याचं कारण नाही. ते बहुतेकींना होतं. बघायचं एवढंच की महिन्या-दोन महिन्यांत ते थोडं तरी कमी होतंय का. कमी होणारी भीती शिकण्याचा भाग असते. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरलाही तितकीच राहिलेली किंवा वाढत गेलेली नकोशी भावना ऐकली पाहिजे.

आणखी एक विचारा: नर्सिंग कोणी निवडलं? "बारावीनंतर काकांनी सांगितलं, नोकरी पक्की असते" हे चुकीचं कारण नाही. आपल्या घरांत बहुतेक निर्णय असेच होतात, आणि त्यातून उत्तम सिस्टर तयार झालेल्या मी पाहिल्या आहेत. पण आता, वॉर्ड बघितल्यावर, तो निर्णय तुम्ही स्वतः घेतला असता का?

पैसे आणि घर

भावनेआधी हिशोब मांडा. पुढे जायचं तर: परीक्षा फी, लागलंच तर वाढीव सेमिस्टरचा हॉस्टेल आणि मेसचा खर्च. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती असेल तर विषय राहिल्यावर नूतनीकरणाचं काय होतं, हे शिष्यवृत्ती विभागात लगेच विचारा. प्रत्येक योजनेची अट वेगळी आहे. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. शैक्षणिक कर्ज असेल आणि कोर्स लांबण्याची शक्यता असेल, तर बँकेत स्वतः जाऊन मुदतवाढीचा अर्ज द्या. हप्ता चुकल्यावर बँकेने बोलावण्याची वाट बघू नका.

सोडायचं तर: भरलेली फी बहुतांशी गेली असं धरा. नव्या कोर्सला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, कदाचित पुन्हा सीईटी. म्हणजे "सोडलं की खर्च थांबला" असं होत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे एका कागदावर लिहून तो कागद घरी न्या.

घरी आणखी एक गोष्ट निघते आणि ती उघड बोलायला हवी. "नापास झालीस ना, मग स्थळं बघतो." विषय राहिला की मुलीचं शिक्षण हा अचानक सगळ्या घराच्या चर्चेचा मामला होतो. अशा वेळी रडून किंवा भांडून काही हाती लागत नाही. परीक्षेची तारीख, लागणारी फी आणि "या तारखेला निकाल, तोपर्यंत हा विषय थांबवा" एवढी एक ठोस मागणी घेऊन बसा. आईला आधी विश्वासात घ्या. शक्य असेल तर वर्गशिक्षिकेला पाच मिनिटं वडिलांशी फोनवर बोलायला सांगा. "सर, तिचा एक विषय आहे, सुटू शकतो" हे कॉलेजातून ऐकलं की घरातला सूर बदलतो. आम्हाला असे फोन करायला काहीच वाटत नाही. विचारा.

शिक्षिकेशी बोलायला जाताना

"मॅडम, मी काय करू?" असं विचारलंत तर "अभ्यास कर" असं उत्तर मिळेल. छायांकित प्रत, गुणपत्रिका आणि स्वतः काढलेलं कारण घेऊन जा आणि असं विचारा: "मॅडम, मराठीत मला हे उत्तर येतं, इंग्रजीत मांडता येत नाही. माझं हे एक उत्तर बघून सांगाल का, गुण कुठे गेले?" नंतर सरळ विचारा, "क्लिनिकलला मी कशी वाटते तुम्हाला?" हे विचारायला धीर लागतो, पण तुमच्याबद्दलची सर्वांत खरी माहिती वॉर्डात सोबत असलेल्या शिक्षिकेकडेच असते. एकाच शिक्षिकेवर थांबू नका. ज्यांच्याशी पटत नाही अशा एकींनाही विचारा.

जिचा हाच विषय राहून मग सुटला अशी सीनियर शोधा. तिच्या नोट्स मागण्यापेक्षा तिने वेगळं काय केलं ते विचारा.

पुढे जायचं ठरलं तर

एकच अट: पद्धत बदलली पाहिजे. तेच गाइड, तीच शेवटच्या आठवड्यातली जाग्रणं, तर निकालही तोच.

सर्वांत मोठी अडचण वेळेची असते, कारण चालू सेमिस्टर थांबत नाही. मागच्या विषयासाठी चालू विषयाचा बळी दिला की एकाचे दोन होतात. म्हणून मागच्या विषयाला रोज ठरलेला एक तास द्या, ड्युटीला जाण्याआधीचा सकाळचा असेल तर उत्तम, आणि उरलेला वेळ चालू सेमिस्टरचा. त्या तासात वाचायचं कमी आणि लिहायचं जास्त. मागच्या काही सत्रांच्या प्रश्नपत्रिका घ्या, कोणत्या युनिटवर काय विचारतात याची यादी करा, रोज एक दीर्घोत्तर किंवा तीन टिपा घड्याळ लावून लिहा. आठवड्याने तेच उत्तर न बघता पुन्हा लिहा. आकृती प्रत्येक वेळी काढा, नावांसकट.

वॉर्डाचाही उपयोग करा. आज ज्या पेशंटला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिलं, त्याची लघवी का मोजतात, पोटॅशियम का बघतात, हे रात्री पुस्तकात शोधा. असं वाचलेलं औषध परीक्षेत दगा देत नाही.

आणि आताच, डोकं शांत असताना, थांबण्याची रेषा लिहून ठेवा. पद्धत बदलून, नीट अभ्यास करूनही दुसऱ्यांदा गुण जवळपास तिथेच राहिले. किंवा हा सोडवताना आणखी दोन राहिले आणि पाचव्या सेमिस्टरचा टप्पा समोर आला. किंवा वॉर्डाची ती वही सलग नकोसंच सांगतेय. तर त्या दिवशी सोडण्याचा विचार पुन्हा, गंभीरपणे करायचा. रेषा आधी आखलेली असली की दुसरा निकाल काहीही लागो, त्या दिवशी काय करायचं हे ठाऊक असतं.

नोकरीची काळजी असेल तर एवढं लक्षात घ्या. एम्सची नॉरसेट ही नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा असो वा राज्यातली भरती, तिथे पदवी किंवा पदविका आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि निवड त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होते. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला होता हे तिथे आड येत नाही. परदेशी अर्ज करताना किंवा एमएस्सीला मात्र ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा तपशील, बघितलं जातं, म्हणून विषय जितक्या लवकर सुटेल तितकं बरं.

थांबायचं ठरलं तर

कायमचं सोडणं आणि काही काळ थांबणं वेगळं. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन, पुन्हा रुजू होण्याचे नियम लेखी घेऊनच घरी जा. न सांगता गैरहजर राहिलेल्या मुलीला परत घेणं कॉलेजलाही अवघड जातं.

बीएस्सी सोडून जीएनएमला जाण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इंग्रजीचा आणि विज्ञानाचा भार तिथे थोडा हलका वाटू शकतो, आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही मिळते. पण अ‍ॅनाटॉमी तिथेही आहे, फार्माकॉलॉजी आहे, आणि वॉर्ड तर तेच आहेत. वॉर्ड नको म्हणून सोडत असाल तर जीएनएम हा मार्ग नव्हे. हॉस्पिटल आवडतं पण पेशंटची सतत शुश्रूषा नको, अशांनी एमयूएचएसचाच बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम, बघावा: तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यात लॅबोरेटरी, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर अशा शाखा आहेत. घरची जबाबदारी मोठी असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते.

कॉलेज सोडताना दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, दाखला, जातीचं आणि वैधता प्रमाणपत्र, फीच्या सगळ्या पावत्या हातात आल्याशिवाय निघू नका. ज्या अर्जावर सही कराल त्याची पोच घ्या. प्रवेश रद्द करण्याच्या अर्जावर तारीख स्वतःच्या हाताने लिहा, कारण फी परतीचा हिशोब त्या तारखेवर ठरतो.

आणि एक सावधगिरी मनापासून सांगते. विषय राहिलेल्या मुलींना हेरून "सहा महिन्यांत नर्स व्हा", "परीक्षा नाही, थेट नोकरी" अशा जाहिराती दाखवल्या जातात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय राज्यात नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि ती नोंदणी मान्यताप्राप्त एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका), जीएनएम किंवा बीएस्सीनंतरच होते. रुग्ण सहाय्यकाचा छोटा कोर्स हे प्रामाणिक काम आहे, पण ते वेगळं काम आहे आणि पगारही वेगळा. कुठेही पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: कोर्सचं नेमकं नाव, परीक्षा कोण घेतं, आणि पास झाल्यावर नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे होते. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पाकीट उघडू नका.